हात न धुता थांबण्याचा उपचार

ओसीडीत, म्हणजे मंत्रचळात, नको ती भीती पुन्हा पुन्हा मनात येते आणि ती शमवायला माणूस तीच कृती करत राहतो. यात घरच्यांची माया बऱ्याचदा आजाराच्याच कामी येते. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं. तरी मुलाचं समाधान होईपर्यंत आई पिंपातून तांब्या तांब्या पाणी त्याच्या हातावर ओतत राहते, ‘झाले रे स्वच्छ’ म्हणत राहते. त्याला तेवढ्यापुरतं हायसं वाटतं. पण मेंदू यातून एवढंच शिकतो की धुतलं म्हणून वाचलो. पुढच्या खेपेला भीती तितकीच, धुणं जास्त.

हे चक्र तोडणारा उपचार म्हणजे ईआरपी (एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन). भीतीला सामोरं जायचं आणि नेहमीची कृती मात्र करायची नाही. लंडनच्या व्हिक्टर मेयर यांनी १९६६ साली या पद्धतीचे सुरुवातीचे रुग्ण नोंदवले. आज किशोरांसाठी आणि मोठ्यांसाठीही ही थेरपी आधी सुचवली जाते.

थेरपिस्ट प्रथम भीतीला ० ते १०० गुण द्यायला लावतो. घराच्या दाराची कडी ३०, एसटी स्टँडवरचा बाक ५०, चपलेचा तळ ७०, सार्वजनिक संडासाची कडी ९०. सुरुवात ३०-४०च्या पायरीपासून. काय होईल असं वाटतं, ते आधी कागदावर लिहायचं: ‘आज रात्री उलट्या होतील.’ मग कडी धरायची, तोच हात शर्टाला, वहीला, दप्तराला लावायचा आणि धुवायचा नाही. सॅनिटायझर नाही, ओला रुमाल नाही, ‘आई, काही होणार नाही ना?’ हेही नाही. अस्वस्थता चढते आणि बऱ्याचदा तासाभरात ओसरते. नाही ओसरली तरी सराव वाया जात नाही. दुसऱ्या दिवशी कागद वाचायचा. आपला अंदाज खोटा ठरलेला स्वतः पाहणं, उपचाराचा जीव यातच आहे. साधारण १२ ते २० सत्रं लागतात, आणि रोजचा सराव घरीच करावा लागतो.

बिघडतं ते बहुधा न दिसणाऱ्या जागी. हात धुतले नाहीत, पण भीती घालवायला मनात जप केला, तर तोही हात धुण्यासारखाच, भीती शमवायचा विधी झाला. सिद्धेश्वराच्या गाभाऱ्यासमोर देवाबद्दल नको ते विचार येतात म्हणून पुन्हा पुन्हा माफी मागणाऱ्यांचं असंच होतं. असे विचार बहुतेकांना कधी ना कधी येतात, ते पाप नव्हे. श्रद्धा सोडायची नसते. एकदाच नमस्कार करायचा आणि विचार मनात असतानाच बाहेर पडायचं. पहिल्याच दिवशी ९०ची पायरी घेतली तर मात्र मूल पळतं आणि परत येत नाही.

घरच्यांनी मदत एका फटक्यात तोडू नये. मुलाशी बोलून ठरवावं: या आठवड्यात ‘स्वच्छ आहेत ना?’ला दिवसातून एकदाच उत्तर, पुढच्या आठवड्यात तेही नाही. त्याऐवजी म्हणावं, ‘त्रास होतोय हे दिसतंय मला, पण तुला हे झेपेल.’

आजार तीव्र असेल तर डॉक्टर एसएसआरआय गटातली, नैराश्यावरही दिली जाणारी औषधं जोडतात. त्यांचा गुण यायला ८ ते १२ आठवडे लागू शकतात आणि नैराश्यापेक्षा मात्राही बहुधा जास्त लागते. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून गोळ्या बंद करू नयेत. सरावाआधी स्वतःहून झटपट शांत करणारी गोळी घेऊ नये, नाहीतर धीराचं श्रेय गोळीला जातं.

कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि मराठीतही बोलता येतं. थेरपिस्टला पहिल्याच भेटीत विचारा: ईआरपी करता का? घरी करायचा सराव नेमून देता का? नुसतं समजावून धीर देणार असतील तर दुसरा थेरपिस्ट शोधा.