क्विंटो, काँगा, टुंबा: ही मुळात मापं नव्हतीच

काँगा, म्हणजे हातांनी वाजवायचा क्युबाचा उंच ड्रम, घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न तोंडाच्या मापाचा, 11 इंची क्विंटो घेऊ, पावणेबारा इंची काँगा घेऊ की साडेबारा इंची टुंबा. माझंही तेच झालं होतं. मोठा आवाज पाहिजे म्हणून सरळ टुंबा उचलला, एकच, आणि घरी येऊन त्याच्यावर स्लॅप, म्हणजे हाताचा कडक 'टाक्' असा फटका, काढायला बसलो तर स्लॅप निघतोय कुठे, नुसतं धप्प धप्प. ड्रम चांगलाच होता, मी त्याला भलत्याच कामाला जुंपला होता. ही तीन नावं आधी कामांची होती आणि इंच त्यांना नंतर चिकटले, हे कळायला मला क्युबाचा इतिहास वाचावा लागला.

नावापासूनच घोळ आहे. क्युबात या वाद्याला टुंबादोरा म्हणतात. काँगा म्हणजे तिथे कार्निव्हलच्या मिरवणुकीतला ताल आणि नाच, अमेरिकेत गेल्यावर ते नाव ड्रमलाच चिकटलं. मराठीत बरेच जण 'कोंगो' म्हणतात ना, ते ऐकून जाणकार नाक मुरडतात, पण या ड्रमचे पूर्वज खरंच कोंगो खोऱ्यातल्या बांटू लोकांचे, म्हणजे चुकता चुकता आपण मुळाजवळच पोचतो. तिथून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी क्युबात युका आणि माकुता हे ड्रम वाजवत ठेवले. युकाचा संच तिघांचा, काखा, मुला आणि काचिंबो, त्यात सगळ्यात मोठा काखा पुढे होऊन मनाला येईल तसं वाजवणार आणि लहान दोघं ठेका धरणार. हे लक्षात ठेवा, कारण पुढे हे बरोब्बर उलटं झालं.

क्युबात गुलामगिरी संपली 1886 ला. हवाना आणि मातान्झास या बंदरांच्या शहरांत, गोदीत राबणाऱ्या लोकांच्या वस्त्यांमधे त्याच सुमारास रुंबा, म्हणजे ड्रमवरचं गाणं आणि नाच, वाढला. ड्रम वाजवण्यावर वेळोवेळी बंधनं यायची, मग लोक खोकी वाजवायचे, अगदी लाकडी खोकी. खारवलेला कॉड मासा ज्यातून यायचा ते मोठं खोकं खालच्या आवाजाला आणि मेणबत्त्यांचं छोटं खोकं वरच्या आवाजाला. याम्बू हा संथ रुंबा आजही खोक्यांवर वाजवतात. पुढे खोक्यांच्या जागी ड्रम आले तरी कामाची वाटणी तशीच राहिली: खाली टुंबा किंवा सालिदोर, तो ठेका धरून बसणार, मधे सेगुंदो किंवा त्रेस-दोस, तो त्याला उत्तर देणार, आणि वर क्विंटो, तो नाचणाऱ्याच्या पायांकडे आणि खांद्यांकडे बघत त्याच्याशी अक्षरशः बोलणार. म्हणजे आफ्रिकेकडून आलेल्या संचात बोलायचं काम मोठ्या ड्रमचं होतं, रुंब्यात ते सगळ्यात लहान ड्रमकडे गेलं. माझ्या मते काँगाच्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा बदल हाच, कारण क्विंटोचं तोंड लहान, पान (वरचं चामडं) घट्ट ओढलेलं आणि आवाज कडक, हे सगळं या एका कामातून आलंय. कोलंबिया हा 6/8 मधला जलद रुंबा ऐका, त्यात क्विंटोच्या जागी साडेबारा इंची ड्रम ठेवला तर नाचणारा वाट बघत उभा राहील!

ड्रम बनायचे कसे तर आधी खोड पोखरून, नंतर पिंपं बनवायच्या पद्धतीने, फळ्या वाकवून एकमेकींना चिकटवायच्या आणि वरून लोखंडी पट्ट्या. त्या मधे फुगलेल्या पोटाचं कारण हेच, पीप तसंच असतं. चामडं वर खिळ्यांनी ठोकलेलं, त्यामुळे सुरात आणायचा एकच मार्ग, आच. वाजवायच्या आधी मेणबत्ती किंवा कागदाचा जाळ पानाच्या जवळ फिरवत राहायचं, चामडं तडतडत ताणलं जातं, बोटाने टिचकी मारून बघायचं, सूर चढला की वाजवायला घ्यायचं, आणि हवेत दमटपणा असला तर दोन गाण्यांत तो पुन्हा खाली. अशा ड्रमवर नेमका सूर वगैरे विचार कोण करणार, वरचा-मधला-खालचा एवढं कळलं तरी पुरे.

मिरवणुकीचं मात्र वेगळं होतं. तिथे ड्रम खांद्याला पट्ट्याने अडकवून तासन् तास चालायचं, म्हणून वजनाला हलका आणि रस्त्यावर लांब ऐकू जाणारा पाहिजे. क्युबाच्याच सांतियागो शहरात तर निमुळते बोकू हे वेगळेच ड्रम. या मिरवणुका सरकारला खुपायच्या. 1925 मधे सांतियागोच्या मेयरने काँगाच्या मिरवणुकांवर बंदी घातली, त्याचं नाव देसिदेरियो आर्नाझ, आणि पुढे त्याचाच मुलगा देसी आर्नाझ अमेरिकेत गळ्यात काँगा अडकवून, लोकांना रांगेत नाचवून स्टार झाला. नियतीला पण विनोद सुचतात म्हणायचे.

बँडमधे काँगा शिरला तो 1940 च्या आसपास, क्युबन बँडवाल्या आर्सेनियो रोद्रिगेझने सोन या गाण्याच्या प्रकारात पियानो आणि ट्रंपेटच्या जोडीला तो घेतला. इथे काम परत बदललं. आता नाचणाऱ्याशी गप्पा नाहीत, एकट्या ड्रमने बास आणि पियानोच्या मधे राहून टुंबाओ हा ठरलेला ठेका चालवायचा, म्हणजे डाव्या हाताचं हील-टो (तळवा आणि बोटं आळीपाळीने टेकवणं), मधे एक स्लॅप आणि शेवटी दोन ओपन टोन (मोकळे घुमणारे आवाज). त्यासाठी ना फार वरचा ना फार खालचा, मधला ड्रमच लागतो. ज्याला आज दुकानात नुसतं 'काँगा' म्हणतात तो हा मधला, आणि एकच घ्यायचा असेल तर हा घ्या असं सगळे सांगतात त्यामागे हे आहे. (मला कोणी सांगितलं नव्हतं, असो.)

मग न्यूयॉर्क. 1947 ला क्युबाचा काँगावादक चानो पोझो तिथे आला आणि डिझी गिलेस्पीच्या जॅझ बँडबरोबर कार्नेगी हॉलमधे वाजवलं, पुढच्याच वर्षी डिसेंबरमधे हार्लेममधे त्याचा खून झाला, वय अवघं 33. पण जॅझमधे काँगा राहिला. आणि जॅझ म्हटलं की सूर आला, पियानो एका पट्टीत आणि ड्रम भलतीकडे असं चालत नाही, मेणबत्तीने भागेना. लोखंडी रिम (कडं), लग (ताणायचे हूक-बोल्ट) आणि पाना लावून पान ताणायची पद्धत रुळली, तिचं श्रेय बहुतेक जण काँगावादक पातातो वाल्देस याला देतात. सूर टिकायला लागल्यावर एका माणसाने दोन-तीन ड्रम वेगवेगळ्या सुरांत लावून वाजवणं शक्य झालं, कांदिदो कामेरो तर त्यावर सरळ धून वाजवायचा. आज दोन ड्रम लावताना खालच्याचा सा धरला तर वरचा मध्यमावर हे जे बरेच जण करतात, ते खिळ्यांच्या ड्रमवर टिकलंच नसतं.

1962 ला अमेरिकेने क्युबाशी व्यापार बंद केला आणि हवानाचे ड्रम यायचे थांबले. मागणी तर वाढलेली, माँगो सांतामारिया आणि रे बारेतो या काँगावादकांची गाणी 1963 मधे चार्टवर होती. ती पोकळी भरायला 1964 ला मार्टिन कोहेनने लॅटिन पर्कशन ही ड्रम बनवणारी कंपनी काढली, कॅलिफोर्नियात गॉन बॉप्स त्याच्या आधीपासून होतीच. याच काळात फायबरग्लासचे शेल (ड्रमचं धड) आले. लाकूडवाले त्याला नावं ठेवतात, मी पण ठेवायचो, पण सत्तरच्या दशकातला साल्सा बँड डोळ्यासमोर आणा, समोर ट्रंपेट-ट्रॉम्बोनची फळी, मागे टिंबाले हे काठ्यांनी वाजवायचे धातूचे ड्रम, आणि त्यातून काँगा ऐकू जायला हवा. तिथे फायबरचा टणक, उजळ आवाज कामाचा. छोट्या खोलीत किंवा गाण्यामागे हळू वाजवायचं असेल तर लाकडाची ऊब बरी, तिथे फायबर कानात टोचतो. सिंथेटिक पान पण असंच, दमट हवेत आणि उघड्यावर सूर हलत नाही हा मोठा फायदा, फक्त आवाजाला थोडी चकाकी येते आणि हाताला चामड्यासारखं लागत नाही.

नंतर चांगितो या वादकाने क्युबाच्या लोस वान वान बँडमधे सोंगो नावाचा तालाचा प्रकार घडवला, पोर्तो रिकोच्या जोव्हानी इदाल्गोने पाच-पाच ड्रम समोर लावून डाव्या हाताला उजव्याइतकं काम दिलं. असलं जलद वाजवायला पान खूप ताणलेलं लागतं, हात उडून परत यायला हवा. त्यामुळे आजचे बरेच ड्रम आणि त्यांचे रिम हे ओढणं सहन करण्यासाठी बनवलेले असतात. जुना मातान्झासचा ढिला, खोल आवाज त्यावर काढायचा तर मुद्दाम पान उतरवावं लागतं, आणि जाडसर चामडं लागतं.

उंचीचं पण सांगतो, दुकानात 28 आणि 30 इंच दोन्ही दिसतात. जुने वादक बसून वाजवायचे, ड्रम गुडघ्यांत धरून किंचित पुढे कललेला, म्हणजे खालचं तोंड उघडं राहून बास बाहेर पडायचा. सपाट जमिनीवर ड्रम उभा टेकवला की तो बास तिथेच कोंडतो. माझ्या त्या टुंब्याचा निम्मा धप्प यामुळेच होता, दोन महिने मी तो फरशीवर उभा ठेवून वाजवत होतो.