शाळेतल्या हिंसेचा नकाशा वाचताना

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या चिमुकल्या मुलींवरच्या अत्याचाराने लोक रेल्वे रुळांवर उतरले. तेव्हापासून ठाणे-नवी मुंबईतले पालक विचारतात, आपल्याच भागात हे जास्त घडतं का?

पोलिसांच्या आकड्यांवरून हे ठरवता येत नाही. त्यांत पोलीस ठाण्याची पायरी चढलेली प्रकरणंच येतात. एखादं प्रकरण गाजलं की पालक धीर करून तक्रार देतात आणि आकडा फुगतो. उलट, वसतिगृहात राहणारं मूल ज्याच्याविरुद्ध बोलायचं त्याच्याच हाती असतं. तिथे शून्य नोंद दिसली तर मला जास्त काळजी वाटते.

म्हणून संशोधक मुलांनाच निनावी प्रश्नावली देतात. 2019 मध्ये युनेस्कोने 144 देशांची माहिती एकत्र मांडली. महिन्याभरात सोबत्यांकडून छळ झाल्याचं जवळपास 32 टक्के विद्यार्थ्यांनी सांगितलं होतं. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत हे प्रमाण सुमारे 48 टक्के, युरोपात 25. छळाची तऱ्हाही बदलते: बऱ्याच प्रदेशांत मारहाण पुढे, तर युरोप-उत्तर अमेरिकेत टोमणे, वाळीत टाकणं. पण युरोपातली बरीच माहिती वेगळ्या सर्वेक्षणातून येते. त्यात मुलांची वयं वेगळी, विचारलेला कालावधीही वेगळा. त्यामुळे या आकड्यांवरून लगेच क्रमवारी लावू नये.

भारतात आणखी एक गोष्ट आहे. केंद्र सरकारच्या 2007 च्या अभ्यासात महाराष्ट्रासह 13 राज्यांतली मुलं होती. शाळेत जाणाऱ्यांपैकी 65 टक्के मुलांनी शाळेत मार खाल्ल्याचं सांगितलं. इथे मारणारा हात शिक्षकाचा. फक्त सोबत्यांबद्दल विचारलं तर तो मोजलाच जात नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने अशा शिक्षेवर आणि मानसिक छळावर बंदी घातली, ती त्यानंतर.

ठाणे जिल्ह्यात घोडबंदर रोडच्या खासगी शाळा आहेत, भिवंडीतल्या उर्दू माध्यमाच्या आहेत, शहापूर-मुरबाडच्या आश्रमशाळाही आहेत. या सगळ्यांची एकच सरासरी काढली तर कुठल्याच मुलाचं खरं चित्र दिसणार नाही. सर्व शाळांत दरवर्षी तेच प्रश्न विचारायला हवेत, मराठी, हिंदी, उर्दूत: कोणी मारलं, कुठे, वर्गात, स्वच्छतागृहात की व्हॅनमध्ये? आणि भरलेले कागद वर्गशिक्षकांनी नव्हे, बाहेरच्या माणसाने गोळा करावेत.