नवा माणूस मठ्ठ का वाटतो?

'पाण्यात ढकलून द्या, आपोआप पोहायला शिकेल.' नवा माणूस कामावर आला की कारखान्यापासून बँकेपर्यंत हेच ऐकू येतं. आठवड्याभरात तो गोंधळला की 'हल्लीच्या पोरांना काही येत नाही' असा शेरा मारून साहेब मोकळे! मेंदू कसा शिकतो हे पाहिलं, तर दोष पोराचा नसून शिकवण्याच्या पद्धतीचा आहे.

हातातल्या कामाची माहिती आपण कार्यस्मृतीत धरून ठेवतो. तिथली जागा फार थोडी. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये ती साधारण सात गोष्टींची सांगितली, नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये चारच्या आसपास आणली. आता सीएनसी लेथवरचा, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने धातू कातणाऱ्या मशीनवरचा, सुपरवायझर नव्या माणसाला काय म्हणतो बघा: "ड्रॉइंग बघ, जॉब चकमध्ये धर, झीरो घे, ऑफसेट टाक, पहिला पीस मोज, रजिस्टरला नोंद कर." पाचवी सूचना कानावर पडेपर्यंत पहिली निसटलेली असते. सुपरवायझरच्या डोक्यात मात्र हे सगळं मिळून एकच काम असतं: सेटिंग.

विल्यम चेज आणि हर्बर्ट सायमन यांचा १९७३ मधला बुद्धिबळाचा प्रयोग मला म्हणूनच फार आवडतो. खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवला, तर निष्णात खेळाडूला सुमारे सोळा मोहरी आठवली, नवशिक्याला चारेक. तीच मोहरी पटावर कशीही मांडली, तर फरक जवळपास उरला नाही. म्हणजे निष्णाताची कार्यस्मृती मोठी नव्हती. वर्षानुवर्षांच्या खेळातून ओळखीच्या झालेल्या रचना त्याच्या दीर्घकालीन स्मृतीत होत्या आणि एकेक रचना त्याला एकाच घासात उचलता येत होती.

नवशिक्याकडे या रचना तयार व्हाव्यात कशा? जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितात दाखवलं की सुरुवातीला सोडवलेली उदाहरणं अभ्यासणारी मुलं, नुसती गणितं सोडवत बसणाऱ्यांपेक्षा लवकर शिकतात. लेथवर हेच करता येतं. आधी पूर्ण सेटिंग बोलत बोलत करून दाखवा. दुसऱ्या वेळी फक्त पहिला पीस मोजल्यानंतरची दुरुस्ती नव्या माणसाकडे द्या: बाहेरचा व्यास २५ मिमी हवा होता, २५.०४ भरला, तर ऑफसेटमध्ये, म्हणजे मशीनला दिलेल्या हत्याराच्या मापाच्या दुरुस्तीत, उणे ०.०४ का टाकायचं, हे त्याने सांगावं आणि टाकावं. मग त्याआधीची पायरी द्या. असं शेवटाकडून सुरुवातीकडे सरकत जा.

'हा बघून शिकणारा, तो ऐकून शिकणारा' असं वर्गीकरण विकणाऱ्या कार्यशाळांवर पैसे घालवू नका, त्याला पुरेसा पुरावा नाही.

'कळलं का?' असं विचारलं की उत्तर 'हो सर' हेच येतं. त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी, रजिस्टर न उघडता, कालची सेटिंग त्याच्याच तोंडून ऐका. आठवून सांगितलेलं पुन्हा वाचलेल्यापेक्षा जास्त टिकतं. आणि तो न अडखळता सांगू लागला की पायरीपायरीच्या सूचना थांबवा, कारण जाणत्या माणसाला त्याच सूचनांचा अडथळा होतो.