उकळू नका, पिळा!

पाऊस लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर काढ्यांना ऊत येतो. यंदाचा असा: अमुक पानं मूठभर, चार पेले पाण्याचं एक पेला होईस्तोवर आटवा, मलेरिया पळालाच समजा. आटवलं की सगळा अर्क उतरतो, हे आपण धरूनच चालतो.

बीजिंगमध्ये मलेरियावर औषध शोधणाऱ्या चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांच्या गटाचं घोडं नेमकं इथेच अडलं होतं. वनस्पती छिंगहाओ, म्हणजे आर्टेमिसिया अ‍ॅन्युआ. आपल्या दवण्याची चुलत बहीण. मलेरिया झालेल्या उंदरांवर तिचा अर्क कधी चाले, कधी नाही. मग चौथ्या शतकातल्या गे होंग या चिनी वैद्याच्या पोथीतली एक ओळ नजरेत भरली: मूठभर छिंगहाओ पाण्यात भिजवा, पिळा, रस प्या. विस्तवाचं नावच नाही! उष्णतेनं अर्क बिघडत असावा, असा तर्क करून तू यूयूंनी अर्क काढायला पाण्याऐवजी ईथर हा द्रावक वापरला. तो ३५ अंशांच्या आसपासच उकळतो. ऑक्टोबर १९७१ मध्ये १९१ क्रमांकाचा अर्क उंदरांना शंभर टक्के लागू पडला. पुढच्या वर्षी त्यातून स्फटिक निघाले, आर्टेमिसिनिनचे. नोबेल मिळालं २०१५ साली.

पण हे औषध चालतं कसं? या रेणूत ऑक्सिजनचे दोन अणू एकमेकांचा हात धरून असतात. हा पेरॉक्साइड बंध मुळातच कच्चा, आणि गंमत म्हणजे औषध आहे ते त्या कच्चेपणातच. मलेरियाचा परजीवी तांबड्या पेशीत बसून हिमोग्लोबिन खातो. मागे उरतं हीम, त्याच्या मधोमध लोह. मोकळं हीम त्याला स्वतःलाच विषारी, म्हणून तो त्याचे स्फटिक करून बाजूला टाकतो. (क्लोरोक्विन हे मलेरियाचं जुनं औषध या आवराआवरीतच खोडा घालतं.) आर्टेमिसिनिन तिथे पोचलं की फेरस लोह तो बंध तोडतं, कार्बनवर सुटा इलेक्ट्रॉन असलेले मुक्त मूलक तयार होतात आणि हाताशी येईल त्या प्रथिनाला कायमचे चिकटतात (यालाच अल्किलीकरण म्हणतात). परजीवी आपल्याच जेवणाच्या खरकट्यापायी मरतो!

हे औषध शरीरातून काही तासांत निघून जातं, म्हणून सोबत जास्त टिकणारं दुसरं औषध देतात. आर्टेमिसियाचा चहा किंवा काढा मलेरियावर घेऊ नका, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते: पानात औषध किती ते ठरलेलं नसतं, पाण्यात ते नीट विरघळत नाही, आणि अपुऱ्या मात्रेत वाचलेले परजीवी निर्ढावू शकतात.

एवढं सगळं ग्रुपवर लिहिलं. पाच मिनिटांत वरच्या मजल्यावरच्या काकांचा प्रश्न: "म्हणजे न उकळता, नुसतं पिळून घेतलं तर चालेल ना?"

ताप असेल तर आधी रक्त तपासून घ्या, काका.