परक्या यादवी युद्धातील लष्करी हस्तक्षेपाला विरोध

दुसऱ्या देशातले गट आपसात लढत असताना आपल्या सरकारने तिथे फौज, विमाने किंवा शस्त्रे धाडू नयेत, अशी ही भूमिका आहे. स्वसंरक्षणाचे युद्ध मान्य असणारेही ती घेतात, म्हणून तिला शांततावाद म्हणता येत नाही.

कायद्याचा आधार भक्कम आहे. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने १९७० च्या जाहीरनाम्यात दुसऱ्या राज्यातील यादवीत ढवळाढवळ करण्यास मनाई केली. निकाराग्वा खटल्यात (१९८६) आंतरराष्ट्रीय न्यायालयाने बंडखोरांना शस्त्रे, पैसा व प्रशिक्षण पुरवणे हाही अहस्तक्षेपाच्या नियमाचा भंगच ठरवला. पळवाट उरते ती निमंत्रणाची. ‘तिथल्या सरकारनेच बोलावले’ असे सांगितले जाते. पण अर्धा देश हातातून गेलेल्या सरकारला तसे बोलावता येते का, यावर एकमत नाही.

विरोधाला खरे बळ असते ते पहिला बॉम्ब पडण्याआधी. लिबियावर हल्ले सुरू झाल्यावर दोन दिवसांनी, २१ मार्च २०११ रोजी, ब्रिटिश कॉमन्स सभागृहात मतदान झाले. कारवाईच्या बाजूने ५५७, विरोधात अवघी १३ मते पडली. सैनिक मोहिमेवर असताना ‘नको’ म्हणणे फार थोड्यांना जमते. सीरियाच्या वेळी मतदान आधी झाले. २९ ऑगस्ट २०१३ रोजी सरकारचा ठराव २७२ विरुद्ध २८५ मतांनी पडला. रासायनिक हल्ला नुकताच झाला होता, संताप खरा होता. तरीही विरोधकांनी पुरावा कुठे आहे, कायदेशीर आधार कोणता आणि हल्ल्यानंतर पुढे काय, हे प्रश्न सोडले नाहीत. इराकची आठवण ताजी होती. दोन दिवसांनी अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष ओबामा यांनीही निर्णय काँग्रेसकडे, म्हणजे तिथल्या संसदेकडे, नेला आणि त्या वर्षी तो हल्ला झालाच नाही.

दुसरा उपाय पैशाची वाट अडवण्याचा. अमेरिकी काँग्रेसने १९७६ मध्ये अंगोलातील गटांची लष्करी मदत कायद्याने रोखली. मात्र निकाराग्वातील बंडखोरांची मदत बंद केल्यावर अधिकाऱ्यांनी इराणला विकलेल्या शस्त्रांचा पैसा त्यांच्याकडे वळवला. काँग्रेसच्या परवानगीशिवाय अध्यक्षांना लढाई चालवण्यास १९७३ च्या युद्धाधिकार ठरावाने घातलेली ६० दिवसांची मुदतही अशीच हुकते. लिबियात जमिनीवर फौज नाही, म्हणजे ही ‘लढाई’च नव्हे, असा युक्तिवाद ओबामा सरकारने केला. गोदी कामगारांचा मार्ग अधिक थेट होता. मे १९२० मध्ये लंडनच्या गोदीत त्यांनी ‘जॉली जॉर्ज’ जहाजावर पोलंडसाठीचा दारूगोळा चढवायला नकार दिला. तो रशियातील बोल्शेविकांविरुद्ध, म्हणजे तिथल्या क्रांतिकारी साम्यवाद्यांविरुद्ध, वापरला जाणार होता.

एकाच बाजूवर बंधन पडले, की अहस्तक्षेप हाच हस्तक्षेप होतो. स्पेनमध्ये (१९३६–३९) शस्त्रबंदी प्रजासत्ताकाला, म्हणजे तिथल्या सरकारला, जाचली. अहस्तक्षेपाच्या करारावर सही करूनही जर्मनी व इटली बंडखोरांचा नेता फ्रँको याला विमाने आणि माणसे पुरवत राहिले.

नरसंहार होत असताना जग थांबून राहिले, असा रवांडाचा दाखला विरोधकांपुढे नेहमी ठेवला जातो, आणि त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण तिथे प्रश्न नवी फौज धाडून एखाद्या बाजूने लढण्याचा नव्हता. संयुक्त राष्ट्रांचे शांतिसैनिक आधीच तिथे होते. कत्तल सुरू असताना, २१ एप्रिल १९९४ रोजी, सुरक्षा परिषदेने त्यांची संख्या २७० वर आणण्याचा ठराव केला.