हवेचं चिलखत

विज्ञानकथेतला चिलखतधारी योद्धा घरच्या घरी, आपल्याच अंगावर पोशाख चढवून, उभा करायचा म्हटलं की आधी पत्रा, फायबर, जाड प्लॅस्टिक असलं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. पडद्यावर तो पोलादात मढलेला दिसतो ना! पण जरा आकडेमोड करून बघा. छाती, पाठ, खांदे, हात आणि पाय झाकायला साधारण दीड चौरस मीटर सामग्री लागते. दीड मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा वापरला तर सगळं मिळून १८ किलोंच्या आसपास वजन होईल. मध्ययुगीन युरोपातली पोलादी चिलखतं १५ ते २५ किलोंची असत, म्हणजे हा आकडा काही अवाच्या सवा नाही. तेच चिलखत १० मिलिमीटर जाडीच्या ईव्हीए फोमचं केलं तर दीड किलोत काम भागतं.

ईव्हीए म्हणजे इथिलिन व्हिनाइल अ‍ॅसिटेट. व्यायामशाळेत जमिनीवर एकमेकांत अडकवून अंथरतात त्या मऊ चौकोनी मॅट याच पदार्थाच्या. नुसत्या ईव्हीएचं वजन घनमीटरला साधारण ९५० किलो भरतं, फोमचं १०० च्या आगेमागे. उरलेली जागा हवेची. आपण जे कापतो, चिकटवतो, रंगवतो त्यात जवळपास नव्वद टक्के हवाच असते, बारीक बारीक बंद कप्प्यांत कोंडलेली. पुढचे सगळे फायदे आणि सगळे त्रास या कोंडलेल्या हवेतून निघतात.

सुरुवात मापापासून. अंगाला पातळ प्लॅस्टिक गुंडाळायचं, वरून चिकटपट्टीचे थर द्यायचे, मार्करने चिलखताचे भाग आखायचे आणि ते कवच कापून सोडवायचं. मग ते टेबलावर सपाट करायला घ्यायचं. मनगट ते कोपराचा भाग लगेच पसरतो, नडगीचाही. खांद्याचा मात्र काही केल्या पसरत नाही. एक कडा दाबली की दुसरी उचलली जाते. यात आपल्या हाताचा दोष नाही. कार्ल फ्रेडरिक गाउस या जर्मन गणितज्ञाने १८२७ मध्ये सिद्ध केलं होतं की गोलाकार पृष्ठभाग ताणल्याशिवाय किंवा फाडल्याशिवाय सपाट होऊच शकत नाही. नळकांडं आणि शंकू होतात, कारण त्यांना बाक एकाच दिशेने असतो. खांदा आणि डोकं दोन्ही दिशांनी वळलेलं. म्हणून तिथे शिंपी घालतो तसे टक घालायचे: पाचरीसारखा तुकडा काढून टाकायचा आणि कडा जोडायच्या. हेल्मेटच्या कागदी नमुन्यात इतक्या पाचरी का असतात, त्याचं उत्तर हे.

गाउसच्या नियमात ‘ताणल्याशिवाय’ अशी अट आहे, आणि फोम तापवला की ताणता येतो. ईव्हीएच्या लांबलचक रेणूंमधले काही भाग नीट रांगेत बसून छोटे स्फटिक बनवतात, आणि त्यांच्यामुळे आकार टिकून राहतो. साधारण ७० ते ९० अंश सेल्सिअसला हे स्फटिक वितळतात. मॅटच्या फोममध्ये रेणू एकमेकांना रासायनिक बंधांनीही जखडलेले असतात, त्यामुळे तो पातळ होऊन वाहत नाही, फक्त लुळा पडतो. अशा वेळी तो गुडघ्यावर किंवा वाटोळ्या भांड्यावर दाबून धरायचा. थंड होताना स्फटिक नव्या जागी जमतात आणि बाक कायम राहतो.

हीट गन, म्हणजे गरम हवेचा झोत सोडणारं हातातलं यंत्र, फिरवताना पृष्ठभागाकडे नीट बघावं. खरखरीत, मंद दिसणारा फोम काही क्षणांत किंचित चकाकू लागतो. वरच्या थरातले कप्पे मिटून तिथे एक सलग पातळ कातडी तयार झालेली असते. ही कातडी नसेल तर रंग उघड्या कप्प्यांत शोषला जातो आणि कितीही थर दिले तरी फोम फोमच दिसतो. दुसरी गंमत याहून छान आहे. धारदार पात्याने अर्ध्या जाडीपर्यंत एक रेघ कापा. ती जेमतेम दिसते. तिच्यावरून गरम हवा फिरवा, की पृष्ठभाग आकसतो, चिरेच्या कडा मागे सरतात आणि दोन धातूच्या पट्ट्यांमध्ये असावी तशी स्वच्छ खाच उघडते. धूर दिसला तर मात्र फोम जळतोय. गन लांब करा आणि खिडकी उघडा.

जोडकामाला रबरी काँटॅक्ट अ‍ॅडहेसिव्ह. दोन्ही कडांना लावून, हाताला ओलं लागेनासं झाल्यावर दाबायचं. इथे घाई नडते, कारण फोमचे कप्पे बंद असल्याने आत अडकलेल्या द्रावकाला बाहेर पडायला वाटच नसते आणि सांधा मऊ राहतो. वाफा आरोग्याला वाईट, तेव्हा हे काम मोकळ्या हवेतच.

थ्रीडी प्रिंटरबद्दल हल्ली फार बोललं जातं. बारीक कलाकुसरीला तो उत्तम, पण संपूर्ण चिलखत छापणं मला वेळेचा अपव्यय वाटतो. शिवाय नेहमीचं पीएलए प्लॅस्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. उन्हात बंद गाडीत ठेवलेलं हेल्मेट वाकडं व्हायला तेवढं पुरतं.

रंगाने डोळ्यांना फसवायचं असतं. चंदेरी रंगात अ‍ॅल्युमिनियमच्या सूक्ष्म चकत्या असतात, त्या आडव्या पसरल्या की आरशासारखा प्रकाश परततो. खाचांत काळपट पातळ रंग मुरवला आणि कडांवर चंदेरी ओरखडे काढले की मेंदू सावली आणि झीज बघून वजनाचा अंदाज बांधतो. दीड किलोचा फोम पंधरा किलोंचा भासतो.

आता आतल्या माणसाकडे वळू, कारण खरी अडचण त्याची आहे. स्वस्थ बसलेलं शरीर साधारण १०० वॅट उष्णता सोडतं, चालताना २५० ते ३०० वॅट. फोममधली कोंडलेली हवा या उष्णतेची बाहेर जायची वाट अडवते. त्वचा आणि बाहेरचा पृष्ठभाग यांत १० अंशांचा फरक धरला, तर आपल्या दीड चौरस मीटर चिलखतातून जेमतेम ६० वॅट बाहेर पडतील. बाकीचं काम घामावर. एक लिटर घाम वाळताना सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता घेऊन जातो, पण तो वाळला तर! बंद कप्प्यांतून वाफ जात नाही, आतली हवा लवकरच दमट होते आणि घाम नुसता निथळतो. पाणी कमी होतं, गारवा मिळत नाही. चंद्रावर उतरलेल्या अपोलो अंतराळवीरांच्या पोशाखात म्हणूनच अंगालगत पाणी खेळवणाऱ्या नळ्यांचा अंतर्वस्त्रासारखा थर होता. घरगुती योद्ध्याला तेवढं नको. काखेत, मानेमागे आणि कमरेशी फटी ठेवल्या, चिलखत अंगाला घट्ट न बसवता पट्ट्यांवर टांगलं, की आतली गरम हवा वर चढून मानेतून निघते आणि खालून ताजी येते.

हेल्मेटचा प्रश्न वेगळा. उच्छ्वासातली हवा कोमट आणि बाष्पाने जवळजवळ भरलेली असते. ती थंड व्हायझरला, म्हणजे डोळ्यांपुढच्या पारदर्शक पडद्याला, लागली की दवबिंदू गाठला जातो आणि काचेवर असंख्य थेंब बसतात. साबणाच्या पाण्याचा पातळ हात दिला तर पाण्याचा पृष्ठताण उतरतो, थेंबांऐवजी सलग पापुद्रा होतो आणि आरपार दिसतं. हा तात्पुरता इलाज झाला. उच्छ्वासात सुमारे ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, बाहेरच्या हवेच्या जवळपास शंभरपट, आणि बंदिस्त हेल्मेटमध्ये तीच हवा पुन्हा नाकात जाते. डोकं जड होणं, दम लागणं तिथूनच सुरू होतं. संगणकातला छोटा पंखा हनुवटीपाशी बाहेर हवा फेकणारा बसवावा आणि कपाळापाशी तिला आत यायला भोकं ठेवावीत. धुकं आणि कोंदट हवा दोन्ही एकदमच जातात. आणि हेल्मेटची मागची बाजू बकलांऐवजी चुंबकांवर ठेवावी, म्हणजे चक्कर आलीच तर जाड हातमोजे न काढता, कुणाला हाक न मारता ते एका झटक्यात उतरवता येतं.