मातीविरहित बाग : माध्यमाची निवड

मातीशिवाय झाड वाढवताना मुळांना आधार, पाणी आणि हवा मिळावी म्हणून कुंडीत जे काही भरतात त्याला माध्यम म्हणतात. घरच्या बागेत कोकोपीट, पर्लाइट, व्हर्मिक्युलाइट, भाजलेल्या मातीच्या गोळ्या, रॉकवूल आणि धुतलेली वाळू-खडी ही नेहमीची माध्यमं. यात झाडाचं अन्न जवळपास नसतंच, ते पाण्यातून द्यावं लागतं.

या पद्धतीचं मूळ काही लेखक पार बाबिलोनच्या झुलत्या बागा आणि अ‍ॅझ्टेक लोकांच्या चिनाम्पांपर्यंत नेतात, पण बाबिलोनच्या बागांचा ठोस पुरातत्त्वीय पुरावा नाही आणि चिनाम्पा तर तळ्यातल्या गाळावरच उभ्या होत्या, त्यामुळे साधारण १८६०च्या सुमारास जर्मनीत साक्स आणि क्नोप या वनस्पतिशास्त्रज्ञांनी क्षारांच्या द्रावणात रोपं वाढवली तिथून सुरुवात धरणं जास्त पटतं. १९३०च्या दशकात कॅलिफोर्नियात गेरिक या संशोधकांनी ते तंत्र प्रयोगशाळेबाहेर आणलं. भारतात शोल्टो डग्लस यांनी १९४६-४७च्या आसपास बंगालमधल्या कालिम्पाँग भागात प्रयोग केले, खडी-वाळूवरची ती रीत 'बंगाल पद्धत' म्हणून ओळखली जाते.

कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर उरणारा भुसा. ते अलीकडचं समजतात, पण १८६०च्या दशकातच इंग्लंडच्या बागांमध्ये हा भुसा वापरात होता असं दिसतं, मग तो मागे पडला, १९४९ मध्ये ई. पी. ह्यूम यांनी त्यावर लेख लिहिला, आणि खरा प्रसार १९८०नंतर, दलदलीतलं पीट (अर्धवट कुजलेला वनस्पतींचा थर) उपसण्यावर टीका वाढली तेव्हा झाला. वजनाच्या कितीतरी पट पाणी ते धरतं आणि ५ किलोचा दाबलेला कोरडा ब्लॉक पाण्यात फुलून साधारण ७० लिटर होतो.

खरी अडचण क्षारांची आहे. सोडण खाऱ्या पाण्यात कुजवलेलं असेल तर भुशात सोडियम जास्त येतो, पोटॅशियम तर मुळातच भरपूर असतं, आणि हे दोन्ही भुशाच्या कणांना चिकटून बसलेले असतात म्हणून साध्या पाण्याने पूर्ण निघत नाहीत. आपण खतातून कॅल्शियम-मॅग्नेशियम दिलं की कण ते पकडतात आणि बदल्यात सोडियम-पोटॅशियम सोडतात, मग खत देऊनही झाडाला कॅल्शियम कमी पडतं आणि टोमॅटोच्या फळांची बुडं काळी पडायला लागतात. म्हणून आधी धुवायचं, मग कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर भिजवून परत धुवायचं. निथळलेलं पाणी टीडीएस मीटरने (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारं यंत्र) मोजून नळाच्या पाण्याच्या जवळ आलं की पुरे. 'वॉश्ड' लिहिलेला ब्लॉकसुद्धा एकदा मोजलेला बरा.

पर्लाइट म्हणजे ज्वालामुखीजन्य काच, ८५० अंश सेल्सिअसच्या पुढे तापवली की लाहीसारखी फुलते. हवा खेळती राहते, पाणी कमी धरतं, धूळ मात्र नाकात जाऊ देऊ नये, ओलं करूनच हाताळावं. व्हर्मिक्युलाइट हे तापवून फुलवलेलं अभ्रकासारखं खनिज उलट पाणी आणि क्षार दोन्ही धरतं, रोपं करायला चांगलं. रॉकवूल म्हणजे वितळलेल्या बेसाल्ट खडकाचे तंतू, मुळात अल्कधर्मी, आधी आम्लाच्या पाण्यात भिजवावं लागतं आणि वापरून झाल्यावर कुजत नाही, म्हणून घरासाठी त्याची शिफारस करवत नाही. मातीच्या गोळ्या धुऊन वर्षानुवर्षं चालतात.

कुंडीसाठी कोकोपीट आणि पर्लाइट यांचं मिश्रण सोयीचं, पावसाळ्यात दमट हवेत पर्लाइट थोडं वाढवावं नाहीतर मुळं सडतात.

महाराष्ट्रात श्री. अ. दाभोळकरांच्या 'प्रयोग परिवार' या शेतीप्रयोग करणाऱ्यांच्या गटातून आलेली उसाचं चिपाड आणि पालापाचोळ्यावरची गच्चीबाग कमी मातीची असली तरी तिथे अन्न माध्यमातच तयार होतं, त्यामुळे ती काटेकोर अर्थाने या नोंदीत बसत नाही.